झाडू कुणाच्या हातात?

सकाळी साडेपाचला थेरगावच्या डांगे चौकात उभे राहिले तर निम्मा महाराष्ट्र बसची वाट पाहताना दिसतो. कंपन्यांच्या गाड्या एकामागून एक येतात. कुणी चाकणला निघालेला, कुणी तळेगावला, कुणी हिंजवडीला. 'काय करायलास' म्हणणारा लातूरकडचा, 'येऊन राहिलो ना' म्हणणारा अमरावतीकडचा, फोनवर आईशी अहिराणीत बोलणारा धुळ्याचा. आणि आता गेली काही वर्षे बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली पोरे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरीचे माळ कारखान्यांनी भरले. कामगाराला पाठ टेकायला खोली लागते. पवनेच्या काठच्या थेरगावाने, शेजारच्या काळेवाडी-रहाटणीने ती दिली. मीही १९८३ साली एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन इथेच उतरलो.

माझा धाकटा मुलगा याच चौकातून चाकणच्या बसमध्ये चढतो. त्याची कंपनी जपानी आहे. नाव सांगत नाही, नावाशी आपल्याला कर्तव्यही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याने कामावरून घरच्या फोनवर एक फोटो पाठवला. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, मागे चकचकीत मशीन, आणि हातात झाडू. फोटोत तो हसत होता. माझ्या पत्नीने कौतुकाने तो आबांना दाखवला. आबा म्हणजे माझे वडील, वय सत्याऐंशीच्या घरात. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला, फोन खाली ठेवला आणि एवढेच म्हणाले, "ह्यासाठी शिकवला व्हय त्याला?" त्या रात्री ते नातवाबरोबर जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही.

तरुण वाचकांना हा राग कदाचित कळणार नाही, म्हणून थोडे सांगतो. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले. माझे आजोबा गावचे येसकर. चावडी झाडायची, पाटलाचा निरोप पोहोचवायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला म्हणून संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ती भाकरीही वरून टाकलेली. आबा सात-आठ वर्षांचे असताना वडिलांबरोबर चावडी झाडायला जात. या महारकी वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. पण वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. आमच्या घरात कायद्याच्या आधीच झाडू खाली ठेवला गेला होता. त्यानंतर सहा महिने आमच्या घरात एकच वेळ चूल पेटत होती, असे आबा सांगतात. ज्याने हे भोगले, त्याला नातवाच्या हातातला झाडू हसत हसत कसा बघवेल?

तिसऱ्या दिवशी मुलाला साप्ताहिक सुट्टी होती. तो आबांच्या कॉटवर बसला आणि त्याने सगळे समजावून सांगितले. त्यांच्या कंपनीत पाळी संपायच्या आधी दहा मिनिटे प्रत्येकाने आपापली जागा झाडायची असते. जपानी कारखान्यांत 'फाइव्ह एस' नावाची पद्धत आहे: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ती वस्तू काढून टाका, हवी ती जागच्या जागी ठेवा, झाडून-पुसून घ्या, ही घडी मोडू देऊ नका आणि तिची सवय लावा. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी कारखान्यांत या पाच शब्दांच्या पाट्या लागलेल्या आहेत. मीही अशाच पाटीखाली नोकरीची शेवटची वर्षे काढली. पण आमच्याकडे पाटीखालची फरशी झाडायला ठेकेदाराची बाई यायची, आणि आम्ही पाय वर घ्यायचो. मुलाच्या कंपनीत मात्र जपानहून आलेला साहेब पहिल्या दिवशी स्वतः झाडू घेऊन उभा राहिला.

त्या देशात ही सवय शाळेपासून लागते. जपानच्या शाळांत वर्ग आणि व्हरांडे मुलेच झाडतात, आणि बऱ्याच शाळांत संडाससुद्धा पाळीपाळीने मुलेच धुतात. डॉक्टरचा मुलगा असो की मच्छीमाराचा, त्याच्या वाट्याला फडके येतेच. त्यामुळे मोठेपणी हातात झाडू घेताना त्या माणसाला कसलीच लाज वाटत नाही.

आता आपल्या मंडळींची गंमत ऐका. पहिल्या आठवड्यात लाइनवरच्या तिघा-चौघांनी झाडू घ्यायला नकार दिला. "आम्ही आयटीआय करून आलोय, हे आमचं काम नाही." मग हे काम कुणाचे, हे तोंडाने कुणी बोलले नाही. पण बोलणाऱ्यांपैकी एकाची नजर माझ्या मुलाकडे वळली. मुलाने हे आबांना सांगितले नाही. मला सांगितले, तेही महिन्याभराने. त्या दिवशी झाडू आधी साहेबाने घेतला, मग शिफ्टच्या सुपरवायझरने, आणि तिसरा झाडू मुद्दाम त्या नजर वळवणाऱ्याच्या हातात दिला गेला. माझ्या मुलाचा नंबर आठवा होता. फोटोत तो हसत होता तो त्या आठव्या नंबरामुळे. आबांना हे सारे उशिरा कळले. तेव्हा ते म्हणाले, "मंग ठीक हाय." पण त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत राहिले.

दुसरी गोष्ट आडनावाची.

मुलगा रुजू झाला त्या दिवशी जपानी इंजिनिअरने दुभाष्यामार्फत त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "आपले आडनाव काय?" मुलाच्या पोटात गोळा आला. 'आडनाव काय' हा प्रश्न आपल्या माणसाला नवा नाही. खोली पाहायला गेलात की तो येतो, मुलगी पाहायला गेलात की येतो, नोकरीवर येतो, रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेला शिळोप्याच्या गप्पांत विचारतो. विचारणाऱ्याला नाव नको असते. १९८३ साली मी थेरगावात खोली शोधत होतो, तेव्हा एका मालकाने खोली दाखवली, भाडे सांगितले, चहासुद्धा मागवला. चहा यायच्या आत त्याने आडनाव विचारले. मी सांगितले. चहा आला, पण खोली 'कालच एकाला शब्द दिलाय' अशी निघाली. पुढच्या मालकाला मी नुसते वडिलांचे नाव आडनाव म्हणून सांगितले, आणि त्या खोलीत तीन वर्षे काढली. १४ एप्रिलला तिथे दारात पणती लावायची माझी छाती झाली नाही. ती तीन वर्षे आजही मला टोचतात.

मुलाने आडनाव सांगितले. इंजिनिअरने ते कागदावर लिहिले, दोनदा म्हणून पाहिले आणि पुढे 'सान' जोडले. जपानमध्ये माणसाला आडनावाने हाक मारणे हीच रीत आहे, आणि 'सान' म्हणजे आपले 'राव' किंवा 'जी'. त्या कारखान्यात प्रमुखही 'सान' आणि माझा मुलगाही 'सान'. जपानात सामान्य रयतेला आडनाव लावणे सक्तीचे झाले ते १८७५ साली. लोकांनी शेत, डोंगर, नदी, दगड यांवरून नावे घेतली. 'तानाका' म्हणजे भातखाचराच्या मधला. त्यावरून कुळाची उतरंड सहसा कळत नाही. तेव्हा शब्द तोच, प्रश्न तोच. आपल्याकडे तो दार बंद करण्यासाठी विचारतात. त्या इंजिनिअरने तो मान देण्यासाठी विचारला होता.

पण बंधू-भगिनींनो, एवढ्यावरून जपान म्हणजे समतेचा स्वर्ग असे समजू नका. मीही आधी तसेच समजत होतो. त्या देशातही कातडी कमावणारे, मेलेली जनावरे वाहणारे, फाशीच्या शिक्षेचे काम करणारे लोक शेकडो वर्षे गावाबाहेरच्या वस्त्यांत राहत होते. त्यांना आज 'बुराकुमिन' म्हणतात; बुराकु म्हणजे वस्ती. १८७१ साली सरकारी फर्मानाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. १९२२ साली या लोकांनी क्योतो शहरात 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे दोन्ही लढे एकाच दशकातले, आणि एकमेकांपासून हजारो मैल दूर. तिथे आडनावावरून ओळख पटत नाही, म्हणून पत्त्यावरून पटवतात. अशा वस्त्यांची नावे-पत्ते असलेल्या याद्या छापून चोरून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला आलेला उमेदवार कुठल्या वस्तीतला, हे तपासण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत. १९७५ साली हे उघडकीला आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला तो अगदी अलीकडे, २०१६ साली. तिथल्या एखाद्या आईच्या पोटात 'राहता कुठे?' या प्रश्नाने गोळा येत असेल.

म्हणून परक्या लोकांत वावरताना 'त्यांचे सगळे चांगले' हेही खरे नाही, आणि 'आपले ते आपले' हेही नाही. कुठली रीत केवळ वेगळी आहे आणि कुठली रीत माणसाला खाली बसवते, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. बाबासाहेबांच्या आयुष्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. बडोदे संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये उतरले, पण तिथले जेवण काही रुचेना. आठवडाभरात मुक्काम हलवून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. चाळीत वाढलेल्या त्या तरुणाला थंडी नवी, काट्या-चमच्याने जेवणे नवे, बायकापुरुषांचे एकत्र हसणे-बोलणे नवे. हे सारे त्यांनी शिकून घेतले. पुढे लंडनला शिकताना ज्या बाईकडे ते राहत, ती खायला इतके मोजून देई की रात्री पोटात कावळे ओरडत. ओळखीच्या माणसाने दिलेले पापड ते रात्री खोलीत भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत. उपाशीपणा होता, परकेपणा होता. पण कुणी ताट लांबून सरकवत नव्हते. अमेरिका-युरोपातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

ती जाणीव परत आली ती परदेशात नव्हे, मायदेशात. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारामुळे ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. स्टेशनवर उतरल्याबरोबर पहिला प्रश्न, राहायचे कुठे? हिंदू खानावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे पारशी नसलेल्याला परवानगी नव्हती, आणि अंगावर सदरा-कस्ती नाही हे रखवालदाराच्या लगेच लक्षात आले. मग वहीत एक पारशी नाव लिहायचे ठरले, भाडे रोज दीड रुपया. वरच्या मजल्यावर त्या ओसाड इमारतीत ते एकटे राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा केली, दोघांकडेही सोय झाली नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी बडोद्याच्या बागेत काढले. एम. ए. झालेले, कोलंबियाच्या प्राध्यापकांनी वाखाणलेले बाबासाहेब.

न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्याबरोबर ते एका खोलीत राहिले आणि ज्यांनी पुढे शिक्षणासाठी पैशाची मदत केली, ते भथेनाही पारशीच. बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशीच. तेव्हा 'अमके लोक असेच' असे एका शब्दात म्हणून मोकळे होता येत नाही, हे माझ्या मुलांना मी याच प्रसंगावरून सांगतो. आणि खोटे आडनाव सांगून काढलेल्या माझ्या तीन वर्षांबद्दल मनाची समजूत घालायची असली, तर तीही याच प्रसंगावरून घालतो. (अर्थात बाबासाहेब अकरा दिवसांनी बाहेर पडले आणि पुढे इतिहास घडवला. मी तीन वर्षांनी दुसरी खोली घेतली, एवढेच.)

याची दुसरी बाजूही पाहू या. प्रत्येक तक्रार म्हणजे अपमान नसतो. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. ती गल्ली निव्वळ राहत्या घरांची, शांत. आपली माणसे भक्तिभावाने, गाड्या भरभरून येऊ लागली. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली. स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, आणि अपिलानंतर मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने ती दिली. आपल्याकडे तेव्हा अनेकांनी 'तिकडेही जातिवाद पोचला' असे म्हटले. पण रात्री आठनंतर मोठ्याने बोलणे ज्या गल्लीत गैर समजले जाते, तिथे पन्नास माणसे एकदम उतरली तर दार लोटून घेणारा प्रत्येक जण जातीनेच लोटतो असे नाही. स्मारकाचा आग्रह आपण सोडला नाही, ते योग्यच झाले. आवाज कमी ठेवला असता तर बिघडले नसते, हेही तितकेच खरे. आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या डीजेबद्दल माझे मत यावरून वाचकांच्या लक्षात येईल. गणपतीच्या डीजेबद्दलही तेच आहे.

आता घरच्या माय-भगिनींसाठी काही उपयोगाचे लिहितो, कारण आपली मुले-मुली आता अशा कंपन्यांत जात आहेत. फोक्सवॅगनचा जर्मन कारखाना चाकणला २००९ साली सुरू झाला, रांजणगावला एलजीसारखी कोरियन कंपनी आहे, चाकणला ब्रिजस्टोनसारखी जपानी. मुलगा घरी येऊन तक्रार करतो तेव्हा त्याचे काय चुकते आणि साहेबाचे काय चुकते, हे आईबापाला कळले तर घर शांत राहते.

पहिल्या महिन्यात माझ्या मुलाकडून एक पार्ट उलटा बसला. त्याच्या लक्षात आले, पण तो गप्प राहिला. साहेबाला वाईट बातमी द्यायची नाही, हे त्याला आम्हीच शिकवलेले. मीही तीस वर्षे तसेच केले, कारण आमच्या काळी चूक सांगणाऱ्याला मेमो मिळायचा. दुपारी ती चूक सापडली. इंजिनिअर चिडला, पण उलट्या पार्टवर चिडला नाही. "तू सांगितले का नाहीस?" हे त्याने तीनदा विचारले. टोयोटाने रूढ केलेली पद्धत अशी आहे की साध्या कामगारालाही चूक दिसली तर दोरी ओढून आख्खी लाइन थांबवता येते. माझ्या मुलाच्या डोक्यावर ती दोरी महिनाभर लोंबत होती. ती ओढायचा अधिकार आपला आहे, यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. पिढ्यान्पिढ्या वरच्याला विचारल्याशिवाय ज्यांनी विहिरीला हात लावला नाही, त्यांच्या पोराला लाइन थांबवायला वेळ लागणारच. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा दोरी ओढली त्या दिवशी घरी येऊन त्याने पेढे वाटले. आईला वाटले बढती मिळाली.

आणखी एक. जपानी माणूस 'हाइ' म्हणतो. त्याचा अर्थ 'हो' असा असला तरी बऱ्याचदा त्याला एवढेच म्हणायचे असते की 'तुमचे ऐकतो आहे'. मुलाने रजेचा अर्ज दिला, साहेब 'हाइ, हाइ' म्हणाला, मुलाने गावाला फोन करून लग्नाला येतो असे कळवले, आणि रजा नामंजूर झाली. दोष कुणालाच देता येईना.

गेल्या वैशाखी पौर्णिमेला तो इंजिनिअर आमच्या घरी खीर खायला आला. दारात त्याने बूट काढले आणि वाकून त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवली. माझ्या पत्नीला हे फार आवडले, आणि आता आमच्या घरी सगळ्यांनी चपला तशाच ठेवायच्या असा तिचा हुकूम आहे. त्याने आणलेली भेट दोन्ही हातांनी दिली. आम्ही त्याच्या बायकोसाठी पैठणीच्या कापडाची पिशवी दिली, तीही त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि न उघडताच बाजूला ठेवली. पत्नीचा चेहरा उतरला. "आवडलं नाही वाटतं." देणाऱ्यासमोर भेट उघडणे त्यांच्याकडे हावरेपणाचे मानतात, हे मुलाने नंतर सांगितले. तोवर तिने मला दोनदा ऐकवले होते की पिशवी मीच पसंत केली होती.

मला वाटले होते, जपानी म्हणजे बौद्ध, म्हणजे आपलाच माणूस. त्याने बुद्धमूर्तीपुढे हात जोडले हे खरे. पण त्रिसरण त्याला येत नव्हते. त्यांच्याकडे बुद्धाचा संबंध मुख्यतः अंत्यविधीशी आणि पूर्वजांशी. त्यांचे भिक्षू लग्न करतात. १८७२ सालापासून त्यांना तशी मोकळीक आहे. आमच्या शेजारच्या आजीबाईंना हे ऐकून धक्काच बसला. उलट नागपूरचे भदन्त सुरई ससाई पाहा: जन्माने जपानी, १९६० च्या दशकात भारतात आले आणि पुरते नागपूरचे झाले. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते ब्रह्मदेशात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. तिथले आचारही आपल्यासारखे नव्हतेच.

बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो पाहून इंजिनिअरने हळूच विचारले, "हे घरातले आजोबा का?" त्यांच्या घरी देव्हाऱ्याजवळ वडीलधाऱ्यांचे फोटो असतात. मुलगा समजावून सांगायला लागला, तर आबा कॉटवरून म्हणाले, "व्हय म्हण त्याला."

त्याआधी घडलेली एक गोष्ट लपवली तर हा लेख खोटा ठरेल. आमच्या घराच्या वर आता एक खोली काढली आहे. ती भाड्याने देतो. मागच्या थंडीत ओडिशाचा एक मुलगा विचारायला आला. सभ्य, हातात कंपनीचे ओळखपत्र. मी भाडे सांगितले आणि पुढे माझ्याही नकळत विचारले, "पूरा नाम क्या है? खाना क्या बनाते हो?" सुक्या मासळीच्या वासाची तक्रार शेजारून आली होती, म्हणून विचारले, असे मी नंतर पत्नीला सांगितले. मुलगा जिन्यात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले, आणि मला १९८३ सालचा तो न प्यालेला चहा आठवला. खोली त्याच मुलाला दिली. सुकटीचा वास येतो. आमच्या करमाळ्याकडच्या बोंबलाच्या चटणीइतकाच येतो.

वैशाखी पौर्णिमेच्या त्या दिवशी खीर झाल्यावर आबांनी नातवाला जवळ बोलावले. दोन वर्षे त्यांच्या डोक्यात घोळत असलेले बाहेर आले. "त्यास्नी इचार, तिथं संडास कोण धुतं?"

मुलगा गोरामोरा झाला. पाहुण्याला असे विचारायचे? पण आबा नजर हटवेनात. शेवटी त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. इंजिनिअर म्हणाला, "लहानपणी शाळेत मी धूत होतो. आठवड्यातून एकदा पाळी यायची."

"शाळंतलं न्हाई. चाकणला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ते काम ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराची माणसे कोण आहेत, हे त्याला माहीत नव्हते. माझ्या मुलाला माहीत होते. सहापैकी पाच जण आपल्याच समाजातले आणि आपल्या शेजारच्या समाजांतले, सहावी एक विधवा बाई बीडकडची. त्यांना कुणी 'सान' म्हणत नाही, कारण त्यांची नावेच कुणाला ठाऊक नाहीत. मुलाने ती सहाच्या सहा नावे सांगितली. इंजिनिअरने खिशातून छोटी वही काढली आणि एकेक नाव विचारून लिहून घेतले, दोन नावे पुन्हा विचारली.

तो पुढे काही महिन्यांनी जपानला परत गेला. ठेका अजून तसाच आहे. मुलाने लाइनच्या बैठकीत विषय दोनदा काढला. एकदा 'हाइ' मिळाले, एकदा पुढची तारीख. त्या सहा जणांना आता कँटीनमध्ये इतरांबरोबर बसू देतात, एवढे झाले.

संध्याकाळी बस डांगे चौकात आली की मुलगा सव्वासातला घरी पोचतो. तो चपला काढून तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवतो, तोवर आबा कॉटवरून विचारतात, "काय झालं रं? वहीत लिवलंय न्हवं त्यानं?"